गुलाबीवर कपबशी, निळ्यावर शिलाई मशीन : एका प्रभागाच्या नोंदी, पुणे महापालिका निवडणूक २०१७

(वहीतून उतरवताना माणसांची नावं काढून टाकली आहेत, पक्षाचंही. नोंदणीकृत, पण मान्यता नसलेला पक्ष. महाराष्ट्रात असे शेकड्याने आहेत. मी नारायण पेठेत एका छापखान्यात डीटीपी करते. त्यामुळे यादी, पत्रकं आणि हिशेब ही तीन कामं न विचारताच माझ्या गळ्यात पडली.)

८ जानेवारी, रविवार

सरांच्या घरी बैठक. चौदा जण येणार होते, नऊ आले. त्यातले दोघे चहा पिऊन गेले.

चारपैकी किती जागा लढवायच्या यावरच दोन तास गेले. २००७ ला एका वॉर्डाला एक नगरसेवक होता. २०१२ ला दोन झाले. आता चार. वॉर्डाचा प्रभाग झाला आणि मतदार साठ हजारांच्या वर गेले. रिक्षावाले काका म्हणाले, "पूर्वी चाळीच्या जिवावर माणूस निवडून यायचा. आता चार चाळी, सहा सोसायट्या आणि एक अख्खी टेकडी लागते." बरोबर आहे. मोठ्या पक्षाला चार उमेदवार, एक चिन्ह, एक गाडी, एक पत्रक. आम्हाला चार उमेदवार मिळतानाच मारामार.

ठरलं : अ, ब, क, ड या चारपैकी दोनच जागा. ब मध्ये शिवणकाम करणाऱ्या ताई, ड मध्ये सर. अ आणि क मोकळ्या. मोकळ्या सोडण्याचा काय अर्थ होतो हे त्या दिवशी कुणाच्याच डोक्यात आलं नाही, माझ्यासकट.

१४ जानेवारी, शनिवार

संक्रांत. मतदारांची प्रारूप (कच्ची) यादी हातात आली. तीळगूळ खात खात पीडीएफ उघडली. मजकूर कॉपी केला की "पाटील" च्या जागी चौकोन आणि स्वल्पविराम. जुना फॉन्ट, युनिकोड नाही. पंधरा वर्षं श्रीलिपी या जुन्या फॉन्ट-प्रणालीत काम करतेय, तरी यातून वाट काढता आली नाही. शेवटी छापील यादीवरच काम करायचं ठरवलं. पट्टी, पेन, तीन रंगांचे हायलायटर.

सगळा प्रभाग करणं शक्यच नाही. ऐंशीच्या आसपास मतदान केंद्रं आणि आम्ही धडधाकट नऊ. ज्या भागांत आमची ओळख आहे असे सात भाग निवडले : टेकडीच्या उताराचे चार, सरांच्या शाळेमागच्या चाळींचे दोन, कालव्यालगतच्या सोसायट्यांचा एक.

१७ जानेवारी

यादी घेऊन पहिल्यांदा उतारावर गेले. एका घर क्रमांकावर एकोणीस नावं. घर दहा बाय दहाचं. राहतात पाच. बाकीच्यांपैकी कुणी सासरी गेलेल्या, कुणी वारलेले. दोघांना तर त्या घरातली माणसं ओळखतच नाहीत. उलट समोरच्या घरातल्या सुनेचं लग्न होऊन सहा वर्षं झाली, तिचं नाव अजून माहेरीच, मंगळवेढ्याला.

प्रारूप यादीवर हरकत घेता येते ती नाव चुकून दुसऱ्या प्रभागात गेलं असेल तर. नवीन नाव घालायचं असेल तर ती गाडी आता सुटली, कारण विधानसभेची यादी तोडूनच प्रभागाची यादी करतात. हे त्या सुनेला सांगितलं. ती म्हणाली, "मग आलात कशाला?" उत्तर नव्हतं. तिचा फोन नंबर वहीत घेतला.

२२ जानेवारी, रविवार

पैशांची बोंब. नोटाबंदीला अडीच महिने झाले, तरी खात्यातून आठवड्याला चोवीस हजारच निघतात. उमेदवाराने खर्चासाठी वेगळं खातं काढायचं असतं. सरांचं झालं, ताईंचं व्हायला चार दिवस, कारण बँकेत रांग. देणगी चेकने घ्यायची हा आमचा नियम. आता त्याची अडचण अशी की पाचशे रुपये द्यायला तयार असलेल्या माणसाला चेकबुक शोधायचा कंटाळा येतो. आणि रोख देतो म्हणणारा दोन हजारांची नोट पुढे करतो. सुटे कुठून आणायचे?

आजची जमा : सहा हजार सातशे. पैकी हजार रुपये माझ्या मालकांनी दिले. हे मोठ्या पक्षाचे जुने मतदार. "मत नाही देणार, पैसे देतो," म्हणाले.

२६ जानेवारी, गुरुवार

संध्याकाळी बातमी आली, शिवसेना-भाजप युती तुटली. गोरेगावच्या मेळाव्यात घोषणा झाली म्हणे. आमच्या ग्रुपवर फटाक्यांची चित्रं : मतं फुटणार, आपल्याला वाव. सरांनी एकच ओळ लिहिली, "त्यांची मतं फुटली म्हणजे आपली झाली असं गणितात कुठे शिकलात?"

३ फेब्रुवारी, शुक्रवार

अर्जाचा शेवटचा दिवस, त्यात रथसप्तमी. अर्ज आणि शपथपत्र आधी संगणकावर भरायचं, मग छापून, सह्या करून नेऊन द्यायचं. रात्री दीडपर्यंत मी ताईंचा अर्ज भरत होते. घरात शौचालय असून वापरात असल्याचं प्रमाणपत्र, थकबाकी नसल्याचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य नसल्याचं. "मालमत्ता" या रकान्यात ताईंनी सांगितलं : दोन शिलाई मशीन, त्यातलं एक बंद. मी लिहिलं. त्यांच्या मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंच्या शपथपत्रात नुसत्या सोन्याचीच चार पानं होती.

कार्यालयाबाहेर बाकी सगळा तमाशा एबी फॉर्मचा, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीच्या कागदाचा. मोठ्या पक्षाचे इच्छुक फोन कानाला लावून घामाघूम, कुणाचा फॉर्म वाटेत, कुणाचा दोघांना दिलेला. एक गृहस्थ रस्त्यातच रडले. आमचे दोघे मात्र शांतपणे अर्ज देऊन अमृततुल्यावर. तिकीट मागायला आमच्याकडे रांग नसते, हा छोट्या पक्षाचा एकमेव फायदा.

ताईंच्या वस्तीत हळदीकुंकवाची ही शेवटची संध्याकाळ. तीन आठवडे मोठ्या पक्षांनी "वाण" म्हणून स्टीलचे डबे वाटले. आचारसंहिता लागली होती म्हणून डब्यांवर नावं नव्हती, डबे मात्र चालूच राहिले. ताई तिळगुळाची पुडी घेऊन सात घरी गेल्या. पाच ठिकाणी त्यांना शिवायला टाकलेल्या ब्लाउजची आठवण करून देण्यात आली.

८ फेब्रुवारी, बुधवार

चिन्हवाटप. आजचा दिवस नीट लिहून ठेवते, कारण पुढचं सगळं यावरून झालं.

मोठ्या पक्षांची चिन्हं राखीव. आमच्यासारख्यांनी मुक्त चिन्हांच्या यादीतून पसंती द्यायची. दोघांनीही पहिली पसंती कपबशी लिहिली होती. लहान मुलालाही कळते, काढायला सोपी. ब मध्ये कुणीच कपबशी मागितली नव्हती. ताईंना लगेच मिळाली. ड मध्ये एका अपक्षानेही कपबशी मागितली. चिठ्ठ्या टाकल्या. कार्यालयातल्या शिपायाने चिठ्ठी उचलली, अपक्षाची निघाली. सरांच्या दुसऱ्या पसंतीचंही तेच झालं. तिसरी होती शिलाई मशीन. ती कुणी लिहिली होती ते आठवत नव्हतं. मीच लिहिली होती, रात्री दीड वाजता, रकाना भरायचा म्हणून.

म्हणजे आता जन्मभर शिवणकाम करणाऱ्या ताईंना कपबशी, आणि सुईत दोरा ओवायला बायकोला हाक मारणाऱ्या सरांना शिलाई मशीन. शिवाय ड मधल्या अपक्षाकडे कपबशी. त्याचा आमच्याशी काही संबंध नाही.

सर हसले. ताई नाही हसल्या. "माझं मशीन मला द्या ना," एवढंच म्हणाल्या. जागा वेगळ्या, बदलता येत नाही.

९ फेब्रुवारी

पत्रक. पहिला मसुदा सरांचा, दोन्ही बाजू भरून : कालव्याकडेच्या रस्त्याचं काय झालं, उतारावर नळाला पाणी दिवसाआड का, कचरा उरुळी-फुरसुंगीला नेऊन ओतण्यापेक्षा प्रभागातच का जिरवत नाही. सगळं खरं, सगळं मुद्देसूद, आणि कुणी वाचणार नाही. मी मागची बाजू कोरी केली आणि पुढच्या बाजूवर चार आडवे पट्टे टाकले.

अ चा कागद पांढरा, ब चा फिका गुलाबी, क चा फिका पिवळा, ड चा फिका निळा. मतदान यंत्रावर असंच येणार. गुलाबी पट्ट्यात कपबशी, निळ्यात शिलाई मशीन. पांढरा आणि पिवळा रिकामे.

चार रंग म्हणजे खर्च. एक रंग काळा ठेवून दोन रंगांत भागवायचा विचार होता, पण गुलाबी आणि निळा कळलाच नाही तर पत्रक कशाला? मालकांनी उरलेल्या कागदावर, दुसऱ्या कुणाच्या कामासोबत जोडून काढून दिलं. खाली मुद्रक, प्रकाशक आणि प्रतींची संख्या छापायची असते. आमच्या प्रती पाच हजार. शेजारच्या टेबलावर दुसऱ्या पक्षाचं काम होतं. त्यावरचा आकडा बघितला आणि मान वळवली.

११ फेब्रुवारी, शनिवार

साडीच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून नमुन्याचं मतदान यंत्र केलं. चार रंगांचे कागद डकवले, शेजारी निळ्या बाटल्यांची झाकणं बटणं म्हणून चिकटवली. दिवा म्हणून लाल टिकली.

उतारावर पाण्याच्या टाकीजवळ एक आजी बसतात, भाजी निवडत. त्यांच्या मांडीवर मशीन ठेवलं.

"आजी, दाबा बघू कपबशी."

दाबली. बरोबर गुलाबीवर.

"आता शिलाई मशीन."

तीही दाबली. मग मशीन माझ्या हातात परत दिलं आणि मेथीची जुडी उचलली.

"आजी, अजून दोन राहिली."

"तुमची दोनच आहेत ना?"

"हो, पण चार दाबल्याशिवाय मशीन वाजत नाही. पिप् असा मोठा आवाज आला की मगच मत झालं."

"मग दोन कुणाची दाबू?"

मी सरांकडे बघितलं. सरांनी टाकीकडे बघितलं.

आजी म्हणाल्या, "तुम्हालाच ठाऊक नाही होय?" आणि मेथी निवडायला लागल्या.

त्या संध्याकाळी चव्वेचाळीस घरं झाली. वहीत मी तीन खुणा करते : बरोबर, प्रश्नचिन्ह, फुली. आज एक गोष्ट कळली. "हो हो, तुम्हालाच!" म्हणतात त्यांच्यापुढे मी आजवर बरोबरची खूण करत होते. ती चूक. दारातून लवकर घालवायचं असलं की माणूस हो हो म्हणतो. ज्याला खरंच द्यायचंय तो विचारतो, "बाकीचे दोन कुणाला?" चव्वेचाळीसपैकी सहा घरांनी विचारलं. बाकीच्या खुणा घरी येऊन खोडल्या.

१२ फेब्रुवारी, रविवार

सोसायट्या. पहिल्या गेटवर वॉचमनने अडवलं, "सेक्रेटरींची परवानगी?" दुसऱ्या गेटवर सेक्रेटरीच भेटले, म्हणाले, सगळ्या पक्षांना एकत्र बोलावणार आहोत, अर्धा अर्धा तास. कधी? ठरलं की कळवू. (कळवलं नाही.)

तिसऱ्या सोसायटीत आत सोडलं, पण चौथ्या मजल्यावरच्या काकांनी धरून ठेवलं ते २०१४ वरून. लोकसभेला पुण्यात हजारो लोकांची नावं यादीतून गायब झाली होती, त्यात हे दोघे नवरा-बायको. पावणेदोन तास रांगेत उभं राहून परत आले होते. "चाळीस वर्षं मत देतोय, आणि मला सांगतात तुम्ही नाहीच." मी पिशवीतून यादी काढली, शोधली. दोघांची नावं होती, फक्त काकूंचं वय एकशे बारा छापलेलं. काकू आतून म्हणाल्या, "बघू बघू," आणि एवढ्या हसल्या की शेजारचे बाहेर आले. जिन्यातच वीस जणांची नावं शोधून दिली. कुणालाही मत मागितलं नाही. खाली आल्यावर लक्षात आलं की पत्रकंही द्यायची राहिली.

या मोहिमेत आमच्याकडे लोकांना हवं असलेलं काही असेल तर ती यादी आहे. जाहीरनामा नव्हे.

१३ फेब्रुवारी

दुसऱ्या पक्षाचे कार्यकर्ते उतारावर दिसले. मोबाइलवर नाव टाकलं की कमरेच्या छोट्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर, बसच्या तिकिटासारखी. आम्ही हाताने लिहितो : भाग क्रमांक, अनुक्रमांक, केंद्र, खोली. माझं अक्षर बरं म्हणून रोज दोनशे माझ्याकडे. आईला पन्नास दिल्या. तिने "श्री" आणि "सौ" लावून लिहिल्या.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

रात्री नऊला सरांच्या घरी एक पाहुणा. मोठ्या पक्षाच्या अ मधल्या उमेदवाराचा माणूस. भला वाटला, चप्पल बाहेर काढली, सरांना वाकून नमस्कार केला (विद्यार्थी निघाला). म्हणणं सरळ : तुमचे अ आणि क रिकामेच आहेत. तुमच्या लोकांना तिथे आमचं सांगा. आम्ही ड मध्ये दोन-तीन बूथवर सरांचं "बघतो".

"म्हणजे तुमच्याच ड च्या उमेदवाराला पाडणार?"

"सर, पाडणार असं नाही. ते आमच्यावर लादलेत."

तो गेल्यावर अकरापर्यंत वाद. रिक्षावाले काका : घ्या की. लोक असंही कुणाला तरी देणारच आहेत. त्या बदल्यात आपल्याला चारशे मतं मिळाली तर वाईट काय? मेसवाल्या काकू : आज हे घेतलं तर पुढच्या वेळी दारात उभं राहून काय बोलायचं? ताई गप्प होत्या. मग म्हणाल्या, "त्याने ब चं नाव काढलं नाही." खरंच काढलं नव्हतं. ब मध्ये त्यांची बाई भक्कम आहे. सौदा फक्त सरांचा होता.

सर नाही म्हणाले. निर्णय झाला : बाकीची दोन मतं तुमच्या मनाने द्या, कुणी पसंत नसेल तर "नोटा" (यांपैकी कुणीही नाही) दाबा, पण चारही बटणं दाबा.

१६ फेब्रुवारी

"तुमच्या मनाने" हे उत्तर चालत नाही. दारात उभ्या माणसाला ते लबाडीचं वाटतं. तीन ठिकाणी ऐकलं, "तुम्ही मॅनेज झालात म्हणे." कुणाला? तिन्ही ठिकाणी वेगळं नाव. सौदा नाकारला तरी सौद्याची अफवा आलीच, आणि सौद्याचा फायदा मात्र नाही.

माझं मत आता असं झालंय : एकतर चारही जागी उमेदवार द्यायचे, पडू देत पडले तर. नाहीतर अ आणि क मध्ये आपल्याला कोण बरं वाटतं ते उघड, पत्रकावर छापून सांगायचं. गुपचूप नव्हे, मोबदल्यातही नव्हे. सरांना बोलले. सर म्हणाले, "हे आठ जानेवारीला बोलायला हवं होतंस." आठ जानेवारीला मी चहा ओतत होते.

१७ फेब्रुवारी

हिशेब. रोजचा खर्च दुसऱ्या दिवशी सादर करायचा असतो. पुण्यात उमेदवाराला दहा लाखांची मर्यादा. आमच्या दोघांचा मिळून आजवरचा खर्च बावन्न हजार तीनशे दहा. खिडकीतला कारकून म्हणाला, "मॅडम, चहा लिहिला नाहीत." लिहिला. वडापावही लिहिला. मेसवाल्या काकूंच्या घरची पिठलं-भाकरी कुठल्या रकान्यात घालायची हे त्यालाही सांगता येईना.

१८ फेब्रुवारी, शनिवार

टाकीजवळ कोपरा सभा. माइक एक, खुर्च्या तीस, त्यातल्या वीस भरल्या. उभे धरून पन्नास. आम्ही खूश. घरी आल्यावर कळलं, आजच टिळक रस्त्यावरच्या कॉलेजच्या मैदानात मुख्यमंत्र्यांची सभा होती आणि खुर्च्या रिकाम्या म्हणून ते भाषण न करताच गेले. वेळ कळवण्यात गोंधळ झाला असं त्यांनी सांगितलं. काका ग्रुपवर लिहितात, "आपण जास्त माणसं जमवली." मी लिहिलं, त्यांच्या रिकाम्या खुर्च्या मोजा आणि आपल्या भरलेल्या मोजा. तरी पाचव्यांदा तोच विनोद आला.

१९ फेब्रुवारी, रविवार

शिवजयंती, आणि संध्याकाळी साडेपाचला प्रचार बंद. सकाळी मिरवणुका, दुपारी सगळ्या पक्षांच्या दुचाकी फेऱ्या. आमची पदयात्रा सव्वीस जणांची. ताई पुढे कपबशी घेऊन, खरी, घरातली, निळ्या फुलांची. सर मागे. त्यांच्या मागे हातगाडीवर ताईंचं बंद पडलेलं मशीन. उतारावरच्या बायका दारात येऊन ताईंना हात करत होत्या आणि मशीनकडे बोट दाखवत होत्या. मला तेव्हा छान वाटलं. छान वाटायला नको होतं.

२० फेब्रुवारी

रात्र. लक्ष्मीदर्शन चालू आहे असं सगळे म्हणतात. मी डोळ्यांनी पाहिलं ते एवढंच की उतारावरचे दिवे साडेअकरापर्यंत बंद झाले नाहीत आणि एक गाडी तीनदा वर-खाली गेली. एका ओळखीच्या बाईंनी फोन केला, "देऊन गेलेत. घेतले. मत तुम्हालाच." काय बोलणार? चार बटणं दाबा, म्हटलं.

२१ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेसहाला शाळेसमोर शंभर मीटरच्या रेषेबाहेर टेबल. एक टेबल, दोन खुर्च्या, छत्री मेसवाल्या काकूंची. दोन्ही बाजूला मोठ्या पक्षांचे मांडव, लॅपटॉप, नाश्त्याची पाकिटं. दहापर्यंत आमच्याकडे कुणी फिरकलं नाही. मग त्यांचा लॅपटॉप अडला. नाव सापडत नाही म्हणून एक बाई आमच्याकडे आल्या. मी हायलायटरची यादी उघडली : आडनावाच्या स्पेलिंगमध्ये घोळ, "शिंदे" चं "शिदे" झालेलं. दोन मिनिटांत सापडलं. त्यांनी त्यांच्या जावेला आणलं. बारापर्यंत आमच्या टेबलापुढे रांग, आणि त्यात दुसऱ्या पक्षांचे बिल्ले लावलेलेही.

दुपारी टाकीवरच्या आजी नातवाचा हात धरून आल्या. बाहेर आल्यावर ओरडूनच सांगितलं, "वाजलं बरं का!" शंभर मीटरच्या आत होत्या, मी ऐकलं नाही असं दाखवलं. जवळ आल्यावर हळूच म्हणाल्या, "ताईचं मशीन दाबलं."

"आणि कपबशी?"

"ती कुणाची?"

मी काहीच बोलले नाही. आणखी चौघींना विचारलं. तिघींचं तेच. मशीन म्हणजे ताई.

सुनबाई, मंगळवेढ्याच्या, टेबलाशी येऊन उभ्या राहिल्या. मत नाही, पण सासूला घेऊन आल्या होत्या.

संध्याकाळी साडेपाचला संपलं. पुण्यात पंचावन्न टक्क्यांच्या आसपास मतदान.

२३ फेब्रुवारी, गुरुवार

मोजणी. ताई मोजणी प्रतिनिधी म्हणून मलाच आत घेऊन गेल्या. आमचे सात भाग येईपर्यंत आकडे एक, चार, शून्य, दोन. मग उतार आला. सर : सत्त्याऐंशी. ताई : एकतीस. पुढच्या यंत्रावर सर एकशे दोन, ताई चव्वेचाळीस. ताईंनी वही माझ्या हातातून घेतली आणि स्वतः लिहायला लागल्या, दोन आकडे शेजारी शेजारी. शेवटपर्यंत पेन थांबवलं नाही.

सरांना एक हजार एकशे शहात्तर. ताईंना सहाशे त्र्याहत्तर. ड मधल्या कपबशीवाल्या अपक्षाला आठशे अकरा, आणि त्याला आमच्या उतारावर कुणी कधी पाहिलेलं नाही. दोघांचीही अनामत गेली.

शहरात १६२ पैकी भाजप शंभराच्या जवळ. मनसे २०१२ मध्ये २९ होती, ती २ वर. ते आकडे पाहून काका म्हणाले, "इंजिनाचं हे झालं तर आपली कपबशी काय घेऊन बसलात." प्रभाग चारचा झाला की चिन्हच लढतं, माणूस नाही, हे पेपरात वाचलं होतं. आमचं चिन्ह माणसाविरुद्ध लढलं.

बाहेर पडताना सर ताईंना म्हणाले, "माझी पाचशे तुमची आहेत." ताई म्हणाल्या, "पाचशे तीन."

२० मार्च, सोमवार

निकालापासून तीस दिवसांत अंतिम हिशेब द्यायचा असतो, आज दिला. एकूण चौसष्ट हजार आठशे पंच्याण्णव, दोघांचा मिळून. कारकून तोच. पावत्या तपासता तपासता थांबला. प्रचार साहित्यात "नमुना मतदान यंत्र, १ नग" लिहिलं होतं, पुढे रक्कम नव्हती.

"याचं बिल?"

"साडीचा खोका होता. झाकणं पाण्याच्या बाटल्यांची."

त्याने थोडा विचार केला, रकान्यात "निरंक" लिहिलं आणि शिक्का मारला.

तिथून मतदार नोंदणीच्या कार्यालयात. नमुना ६ चे सतरा अर्ज, पहिला मंगळवेढ्याच्या सुनबाईंचा. पोचपावत्या पिशवीत ठेवल्या. ताईंकडे गेले तर त्या उरलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर ब्लाउजची मापं लिहीत होत्या. अजून हजारभर आहेत. म्हणाल्या, कागद चांगला आहे, शाई फुटत नाही.